गाडी निघाली आहे

बॅटरी संपत आल्याचा सिग्नल हा घरोघरचे अलार्म सांभाळणाऱ्या त्या कंट्रोलरूममधला सगळ्यात गरीब सिग्नल. तो लाल होत नाही, वाजत नाही. स्क्रीनच्या तळाशी राखाडी अक्षरांत येऊन पडून राहतो, आणि हाताला दुसरं काम नसलं की मग त्याच्याकडे बघायचं असतं. त्या दुपारी डबा खाऊन झाल्यावर चेतना रामटेकेनं असल्याच एका राखाडी ओळीवर बोट ठेवलं आणि बोट तिथंच राहिलं. शालिग्राम बोरीकर. नवा रायपूर. एकटे राहतात, मुलगा परदेशात, गळ्यात मेडिकलचं, दाबलं की मदत बोलावणारं बटण. खाली पंडरीच्या बाजारात कुणीतरी कापडाचे गठ्ठे टेम्पोतून रस्त्यावर टाकत होतं, त्याचा धपधप आवाज काचेतून येत होता, आणि तो आवाज आपल्या छातीतून येतोय असं तिला थोडा वेळ वाटलं. शालिग्राम नावाची माणसं काय कमी आहेत, ती स्वतःला म्हणाली. बोरीकरही असतील दुसरे. मग तिनं नियमाप्रमाणे फोन लावला. पलीकडून आधी खाकरणं आलं, घशात खडा अडकल्यासारखं, आणि मग आवाज आला, "हां, कौन?" आता दुसरा कोणी असण्याची सोय उरली नाही. तिनं हिंदीत सांगितलं, सर, आपल्या बटणाची बॅटरी उतरली आहे, आमचा माणूस येऊन बदलून जाईल. तो म्हणाला, थँक यू बेटा. फोन ठेवल्यावर तिनं हेडफोन काढला आणि ओढणीनं कान पुसला.

बेटा हा शब्द त्यानं पूर्वीही तिला एकदा लावला होता. तेव्हा राज्य नवंच झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, जिकडेतिकडे काहीतरी बांधलं जात होतं आणि सगळ्यांना लोखंड पाहिजे होतं. चेतनाचे वडील मारोती रामटेके उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. भंडाऱ्याकडून आलेली माणसं, बीरगांवात घर. शालिग्राम साहेब तिथले मॅनेजर, नागपूरचे. मराठी बोलणारा साहेब मिळाला म्हणून वडिलांना कोण अभिमान. एकदा दिवाळीच्या सुमाराला साहेब आणि त्यांची बायको मंदाकिनीबाई गाडी घेऊन घरी आले होते. बाई खुर्चीवर अंग चोरून बसल्या. साहेब भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघत म्हणाले, वा, फार छान फोटो आहे. मग चेतनाला म्हणाले, शीक बेटा, खूप शीक. शेवंतानं, म्हणजे चेतनाच्या आईनं, नवे कप काढून चहा ठेवला होता. ते गेल्यावर दोन्ही कप भरलेले होते, वर साय धरली होती. वडील म्हणाले, गडबडीत होते साहेब. आईनं तो चहा मोरीत ओतला आणि कप कोरडे पुसून पुन्हा वर ठेवून दिले, आणि चेतनाला का कुणास ठाऊक, आईचा राग आला, साहेबांचा नाही.

भट्टीच्या वरच्या मजल्यावर गॅस साचला की वाजणारा एक भोंगा त्या कारखान्यात होता. तो वाजला की माणसांना खाली यावं लागे, भट्टी हळू करावी लागे, माल अडे. आणि तो फार वाजू लागला होता. एका संध्याकाळी वडील जेवता जेवता आईला म्हणाले की साहेब भोंग्याची तार काढून ठेव म्हणतात. नाही म्हटलं तर म्हणाले, मारोती, तू आपला माणूस न? चेतना तिथंच पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. पुढचं तिला पाठ आहे, पण ती ते कधी क्रमानं आठवत नाही. वडिलांच्या सोबतचा कामगार हिरालाल भट्टीच्या वर गेला होता. हाका मारल्या तर ओ देईना. त्याला खाली आणायला वडील वर चढले. दोघंही उतरले नाहीत. चौकशी झाली, आणि तीत साहेबांनी सांगितलं की भोंगा बंद करायचा हुकूम कुणीही दिला नव्हता. कटकट नको म्हणून मारोतीनं आपल्या मनानंच तार काढली असावी. तार खरंच वडिलांच्याच हातांनी निघाली होती. ते हात तर काही नाही म्हणू शकत नव्हते.

हिरालालची बायको कांताबाई दोन घरं सोडून राहायची. ती काही आरडाओरडा करणारी नव्हती. तिनं फक्त एक केलं. नळावर शेवंता आली की ती आपला पाण्याचा गुंड उचलून बाजूला उभी राहायची आणि म्हणायची, भर बाई, तू भर आधी, तुह्या घरचं काम आधी होते. हे ती रोज म्हणायची. विहारात वंदनेला शेवंता सतरंजीवर बसली की कांताबाई उठून दाराशी जाऊन बसे, मग तिच्या शेजारची उठे, मग तिच्या शेजारची, आणि वंदना संपेपर्यंत शेवंता त्या लांब सतरंजीवर एकटी हात जोडून बसलेली असे. पुढं पुढं तिनं जाणं सोडलं. चेतना शिकली, नोकरीला लागली, आईला घेऊन पंडरीजवळ खोली केली, पण शेवटच्या आजारात आई म्हणाली, मले बीरगांवले ने. बीरगांवच्या घरातच ती गेली. पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून, माणसं आली, बायका फारशा आल्या नाहीत. कांताबाईचं दार लावलेलं होतं, आणि आत रेडिओ चालू होता.

बॅटरी बदलायला माणूस पाठवायचा म्हणजे स्क्रीनवर एक बटण दाबायचं. चेतनानं ते दाबलं नाही. दुसऱ्या दिवशी राखाडी ओळ परत आली, तिसऱ्या दिवशी परत. ती यायची, जेवायची, आणि त्या ओळीकडे बघत बसायची. एखाद्या भांड्याला बारीक भोक पडावं आणि आतलं पाणी थेंबाथेंबानं खाली जाताना बघत बसावं, तसं. अजून थोडे दिवस, मग तो गळ्यातलं बटण दाबेल आणि इथं काहीच येणार नाही. या विचारानं तिला जेवण गोड लागायचं. आपल्याला असं काही गोड लागेल हे तिला माहीत नव्हतं. पण मग एका सकाळी तिच्या लक्षात आलं की बॅटरी मेली तर तो तिच्याही हातातून जाईल. कुठल्या तरी खोलीत कुठल्या तरी दिवशी मरून पडेल, आणि पेपरात फोटो येईल, खाली लिहिलेलं असेल, भावपूर्ण श्रद्धांजली. तिला तो मेलेला नको होता. बोलता पाहिजे होता. तिनं स्क्रीनवरचं बटण दाबलं. संध्याकाळी बॅटरी बदलल्याचा निरोप आला तेव्हा, आपण एखाद्या जनावराला दावं नीट बांधलंय की नाही हे बघून घेतल्यासारखं तिला वाटलं.

कंट्रोलरूमचं काम म्हणजे कुठल्या हाकेला कसं धावायचं याचं काम. चोरीचा अलार्म आला तर आधी घरी फोन करायचा, कारण बहुतेक वेळा मांजर असते नाहीतर मोलकरीण असते. पासवर्ड विचारायचा. बरोबर सांगितला तर अलार्म बंद. चुकीचा सांगितला तर, ठीक है सर, थँक यू, असं गोड बोलून फोन ठेवायचा आणि पोलीस थाण्याला कळवायचं, कारण त्याच्या मानेवर कुणी सुरी ठेवलेली असू शकते. धुराचा अलार्म आला तर घरच्यांना विचारत बसायचं नाही, आधी दमकल, म्हणजे आगीचा बंब. धोक्याचं गुपचूप बटण दाबलं गेलं तर घरी फोनच करायचा नाही, कारण आपल्या फोनची घंटीच एखाद्याचा जीव घेईल. आणि मेडिकल आला तर घरात बसवलेल्या स्पीकरच्या डब्यातून सरळ बोलायचं, ॲम्ब्युलन्सची गाडी पाठवायची आणि माणसाला सांगत राहायचं, गाडी निघाली आहे, मी इथंच आहे. हे वाक्य नव्या पोरापोरींना पहिल्या दिवशी शिकवलं जायचं. गाडी यायच्या आधी हे वाक्य पोचतं, असं शिफ्टचा इन्चार्ज विशाल सांगायचा. विशाल रायपुरातच जन्मलेला, आईशी मराठी, बाकी जगाशी हिंदी. चेतनाला दीदी म्हणायचा आणि नव्या मुलांना तिच्याच शेजारी बसवायचा. दीदी को सुनो, बस, असं म्हणायचा.

शालिग्राम साहेबांच्या मागच्या दाराचा अलार्म वरचेवर वाजायचा, बहुतेक स्वैपाकाच्या बाईच्या हातून. तो दुसऱ्या कुणाच्या स्क्रीनवर गेला तर चेतना म्हणायची, दे इकडे, मी बघते. पासवर्ड सांगा सर. तो सांगायचा, मंदाकिनी. बायको जाऊन त्याला काही वर्षं झाली होती, हे घराच्या माहितीत लिहिलेलं होतं. सर, आवाज येत नाहीये, पुन्हा सांगा. मंदाकिनी. नीट ऐकू आलं नाही सर, जरा मोठ्यानं. आणि त्या मोठ्या रिकाम्या घरात तो म्हातारा मेलेल्या बायकोचं नाव ओरडायचा, आणि चेतना हेडफोन कानावर दाबून ऐकायची. एकदा आवाज मधेच फाटला. ती म्हणाली, ठीक है सर. तो म्हणाला, रोज इतनी बार मत बुलवाओ बेटा. त्या दिवशी ती घरी जाताना गोल बाजारात उतरली आणि काही गरज नसताना एक पितळी डबा विकत घेऊन आली, आणि घरी येऊन तो पालथा घालून ठेवला, जणू खाली काही झाकायचं होतं.

तिला झोप येत होती, भूक लागत होती. सूडानं माणूस वाळतो म्हणतात, तिच्या अंगावर उलट मांस चढलं. आरशात बघताना ती वडिलांचा चेहरा आठवायचा प्रयत्न करायची आणि चेहऱ्याऐवजी तिला ते दोन कप दिसायचे. वडिलांबद्दल तिच्या मनात जे होतं ते फार पूर्वी रडून संपलं होतं. जे संपलं नव्हतं ते त्या लांब सतरंजीचं होतं. पण सतरंजीचा राग धरून कुठं जायचं? तो वाट शोधत शोधत शेवटी या म्हाताऱ्याच्या खाकरण्यापाशी येऊन बसला होता.

मेडिकल आला तो मे महिन्यातल्या दुपारी. कूलर नुसता वारा फेकत होता, अर्धी माणसं पाणी प्यायला उठली होती. स्क्रीन पिवळी झाली, नाव आलं, आणि चेतनाच्या हातांनी मेंदूला न विचारता सगळं केलं. डावीकडच्या लाईनवर गाडीला पत्ता दिला, कॉलनीच्या गार्डला किल्ली घेऊन दाराशी उभं राहायला सांगितलं, आणि उजवीकडची लाईन घरातल्या डब्याला जोडली. हात तिचे नव्हतेच, सवयीचे होते. मग आवाज उघडला. आधी नळाचं पाणी ऐकू आलं, बादलीत नाही, फरशीवर पडणारं. मग श्वास. मग लांबून, न्हाणीतून येणारा आवाज. कोई है, गिर गया मैं, पैर नहीं हिल रहा. आता पुढचं वाक्य म्हणायचं होतं. ते तिच्या जिभेवर इतक्या वर्षांच्या सवयीनं येऊन उभं राहिलं, आणि तिनं तोंड मिटून घेतलं. समोरच्या स्क्रीनवर गाडी निघाल्याची खूण आली. ती तिनं एकटीनं बघितली.

"मराठीत बोला, साहेब," ती म्हणाली.

पलीकडे फक्त पाणी. मग त्यानं मराठीत विचारलं, कोण बोलते आहे. तिनं सांगितलं, मारोती रामटेकेची पोरगी. तुम्ही घरी आले होते आमच्या. चहा ठेवला होता. तो म्हणाला, बेटा, गाडी पाठव, फार दुखून राहिलं आहे. ती म्हणाली, भोंगा बंद कर म्हणून कोणी सांगितलं होतं? तिला वाटलं होतं, या आवाजात आपण कधीतरी हे विचारू तेव्हा आपला आवाज थरथरेल. तो थरथरला नाही. पासवर्ड विचारावा तसा आला.

आणि तो म्हणाला, मी नाही सांगितलं.

ओल्या फरशीवर पडलेला, पाय हलत नाही, घरात कोणी नाही, आणि तरी तो खोटं बोलला. खोटं इतकं मुरलेलं होतं की दुखण्याच्याही आधी तेच बाहेर आलं. चेतनाला त्या क्षणी त्याचं कौतुकच वाटलं. गप्प राहणं किती सोपं आहे हे तिला कळलं. काही करावं लागत नाही, नुसतं असावं लागतं. पलीकडून हॅलो, हॅलो आलं. मग, बेटा, आहेस का. मग नुसतं पाणी. मग त्यानं मंदाकिनीला हाक मारली, कुणी विचारलं नसताना, आणि रडायला लागला. म्हाताऱ्या माणसाचं रडणं, त्यात सूर नसतो, नुसती हवा बाहेर येते. चेतना पुढं वाकून ऐकत होती. तिच्या शेजारी बसलेली मुलगी पाण्याची बाटली घेऊन परत आली, तिच्याकडे बघितलं, आणि उभीच राहिली.

"मीच सांगितलं," तो म्हणाला. "तो नाही म्हणत होता. गॅस येते साहेब, म्हणत होता. मी म्हटलं, तुझ्याच्यानं होत नसेल तर दुसरा माणूस आणतो. मले माहीत होतं गॅस येते म्हणून."

"आणि चौकशीत?"

"मेलेल्या माणसाला काय फरक पडते, असं वाटलं." मग, "आता तरी पाठव."

तेवढ्यात डब्यातून दार उघडल्याचा आवाज आला. गार्डचा आवाज, पावलं, स्ट्रेचर भिंतीला घासल्याचा आवाज, कोणीतरी म्हणालं, बाबूजी, बस बस, हम आ गए. नळ बंद झाला. त्या शांततेत म्हाताऱ्याचा आवाज अगदी स्वच्छ आला. तो गाडीवाल्यांना नाही, तिलाच विचारत होता.

"गाडी आधीच निघाली होती का?"

"हो," चेतना म्हणाली आणि लाईन सोडली.

त्याचं कंबरेचं हाड मोडलं होतं, मुलगा विमानानं येतो आहे, असं संध्याकाळी कळलं. तक्रार आली नाही. शालिग्राम साहेबांनी कुणाला काही सांगितलं नाही, आणि कसं सांगणार? पण मेडिकलचा प्रत्येक कॉल नंतर ऐकला जातो, हा नियमच आहे. चेतनाला तो ठाऊक होता. बोलताना तो आठवला नव्हता असंही नाही. दुसऱ्या दिवशी विशालनं तिला काचेच्या खोलीत बोलावलं. त्याचा चेहरा आजारी माणसासारखा झाला होता. तो बराच वेळ पेनचं टोपण लावत आणि काढत राहिला. मग म्हणाला की गाडी वेळेवर गेली, माणूस वाचला, कागदावर सगळं ठीक आहे. मैंने कुछ नहीं सुना दीदी. सिस्टम में कभी कभी आवाज़ सेव नहीं होती.

चेतनानं त्या कॉलची कॉपी मागितली. विशालला आधी समजलं नाही. मग तो म्हणाला, उसमें उनका है तो तुम्हारा भी है. सब सुनेंगे कि तुम कितनी देर चुप बैठी. ती म्हणाली, ऐकू दे. तो म्हणाला, फिर मैं बचा नहीं पाऊँगा. आणि मग एकदम मराठीत, आईशी बोलतात तसल्या कच्च्या मराठीत, "दीदी, तुम्ही तर आम्हाला ते वाक्य शिकवलं होतं." साहेबाला उत्तर देणं सोपं गेलं असतं. या पोराच्या तोंडाकडे बघवेना. तिनं काचेबाहेर बघितलं. शेजारची ती नवी मुलगी तिच्या खुर्चीत बसून कुणाला तरी सांगत होती, गाडी निकल गई है अंकल, मैं यहीं हूँ, आणि सांगताना समोर कोणी असल्यासारखी मान हलवत होती. चेतनानं कॉपी घेतली आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

आता हा आवाज घेऊन जायचं कुठं, हा प्रश्न होता. कारखाना केव्हाच विकला गेला होता, नाव बदललं होतं, चौकशी करणारे निवृत्त झाले होते. साहेबाच्या मुलाला ऐकवावा? त्यानं काय होईल? तिनं तीन-चार दिवस खोलीत तो आवाज लावून लावून ऐकला. कबुलीपाशी आली की तिचं लक्ष उडायचं. रडण्यापाशी आली की ती काम सोडून बसायची. आपण कुठला भाग ऐकतो आहोत हे तिला कळत होतं, आणि कळून ती थांबत नव्हती. शेवटी एका सकाळी ती बसमध्ये चढली. भनपुरीला ट्रकांच्या रांगेत बस उभी राहिली, डिझेलचा आणि तापल्या टायरांचा वास आत आला, आणि तिला वाटलं, आई या रस्त्यानं शेवटची आली तेव्हा हाच वास तिच्या नाकात गेला असेल. तिच्या मनात एक चित्र तयार होतं. कांताबाई ऐकते. तिचा हात थांबतो. ती तोंडाला पदर लावते आणि म्हणते, शेवंता, मले माफ कर. यापेक्षा जास्त तिला काही नको होतं. यापेक्षा कमीही नको होतं.

कांताबाई ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. फार म्हातारी झाली होती. डोळ्यांत फूल पडल्यासारखं पांढरं, खडे बोटांनी शोधून काढत होती. कोण हाये, तिनं विचारलं. चेतनानं नाव सांगितलं. म्हातारीचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. चेतना आपणच ओट्यावर बसली, म्हणाली, काकू, एक ऐकवाचं हाये, शालिग्राम साहेबाचं. आणि मोबाईल तिच्या कानाजवळ धरला.

पाऱ्यात दुपारची सामसूम होती. त्या छोट्या यंत्रातून पाणी वाहिलं, म्हातारा बोलला, खोटं बोलला, रडला, खरं बोलला, दार उघडलं, माणसं आली. कांताबाईनं सगळं ऐकलं. हात थांबला नाही. पदर तोंडाला गेला नाही. संपल्यावर तिनं विचारलं, गाडी कोणी पाठवली होती. चेतना म्हणाली, मी. आधीच पाठवली होती.

"काहून?" कांताबाई म्हणाली.

तिच्या विचारण्यात राग नव्हता, खरोखरची अडचण होती, हिशेब न जुळल्यासारखी. चेतना म्हणाली, तुम्हाले समजलं न, काकू? माह्या बापानं आपल्या मनानं नव्हती काढली तार.

"मले माहीत होतं," कांताबाई म्हणाली.

चेतनाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"हिरालालनंच सांगतलं होतं मले, आदल्या दिवशी. साहेबानं भोंगा काढाले लावला म्हणे मारोतीले." म्हातारीनं सुपातून एक खडा उचलून अंगणात टाकला. "पण साहेब कुठं सापडत होता मले? तो मोटारीत बसे. तुही माय नळावर सापडत होती."

एवढं म्हणून ती पुन्हा तांदूळ चाचपू लागली. बाहेर उन्हात एक शेळी भिंतीच्या सावलीसाठी सरकत होती. चेतना बसल्या जागी बसून राहिली. तिच्या अंगातून काहीतरी गार गार खाली उतरत गेलं, आणि मग तितक्याच हळू काहीतरी गरम वर चढू लागलं. ते साहेबासाठी कधी इतकं गरम झालं नव्हतं. रोज सकाळी, नळावर गुंड घेऊन, माहीत असून. भर बाई, तू भर आधी. विहाराच्या दाराशी जाऊन बसताना, माहीत असून. आई गेली त्या दिवशी दाराआड रेडिओ ऐकताना, माहीत असून. आणि त्यात वाईट काय तर ती बाई खोटं बोलली नव्हती. चेतनाला तिचं म्हणणं आतून, हाडात, समजलं होतं. जो सापडतो त्यालाच धरावं लागतं.

"पोरी," कांताबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "तो रडते न, तेवढं पुन्हा लाव. बायकोले आवाज देते ते."

चेतनानं तिच्याकडे बघितलं. ते पांढरे डोळे तिच्या खांद्याच्या बाजूला कुठंतरी बघत होते. इतक्या वर्षांत त्या बाईच्या वाट्याला गोड असं दुसरं काही आलं नव्हतं, हे तिच्या सुरकुत्यांवरून दिसत होतं. चेतनानं मोबाईल बंद केला, आवाज न करता पर्समध्ये टाकला, आणि पर्सची चेन हळूहळू लावून घेतली.

"लावून राहिली का?" कांताबाईनं विचारलं.

"लावून राहिली, काकू," चेतना म्हणाली.

कांताबाईनं कान तिच्याकडे केला आणि सुपातला हात थांबवला, तांदळाचा आवाज नको म्हणून. ती वाट पाहू लागली. चेतना मांडीवर हात ठेवून तिच्या शेजारी बसून होती. उठायची तिला काही घाई नव्हती.